कागदावर बेतलेले षटकोन: हाताने शिवायच्या क्विल्टची सविस्तर कृती

षटकोनी तुकड्यांची क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखं थरांचं पांघरूण, जवळून पाहिली की पहिला प्रश्न पडतो तो असा, की एवढे कोपरे इतके नेमके जुळले कसे? त्याचं उत्तर शिवणाऱ्याच्या हातात कमी आणि कागदात जास्त आहे. इंग्लिश पेपर पीसिंग या पद्धतीत कापडाचा प्रत्येक तुकडा आधी जाड कागदाच्या साच्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवतात. मग दुमडलेल्या कडा एकमेकींना शिवतात आणि शेवटी कागद काढून घेतात. मोजमापाची सगळी जबाबदारी कागदावर असते. म्हणूनच ज्यांनी बटण आणि हुकांपलीकडे काही शिवलेलं नाही त्यांच्याही हातून कोपरे जुळतात. अट एकच, कागद चोख कापलेला हवा.

ही रीत जुनी आहे. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्ड या क्विल्टकारांच्या संस्थेकडे रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे, त्यावर १७१८ हे साल शिवलेलं आहे आणि त्यातले कागद अजून आत आहेत. अशा जुन्या कामांत साचे म्हणून पत्रं, हिशेबाची पानं, वर्तमानपत्रं असं हाताला लागेल ते कापलेलं सापडतं, आणि त्यावरच्या मजकुरावरून अभ्यासक त्या कामाचा काळ ठरवतात. षटकोनांची टूम पुढे अमेरिकेत पोचली. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८३५ मध्ये षटकोनी तुकडेकाम छापलं होतं. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथे ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ या नावाने षटकोनी फुलांच्या क्विल्ट घरोघरी होऊ लागल्या. आणि १९४३ मध्ये सिंगापूरच्या चांगी तुरुंगात, जपान्यांच्या कैदेत असलेल्या गर्ल गाइड मुलींनी चिंध्यांचे षटकोन जोडून आपल्या गाइडबाईंसाठी एक क्विल्ट केली. ती आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. सुई, दोरा, कागद आणि चिंध्या एवढ्यावर हे काम होतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आधी हिशेब

षटकोनाचं माप त्याच्या एका बाजूच्या लांबीवरून सांगतात. ‘एक इंची षटकोन’ म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू एक इंच आहे तो. त्याची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी दोन इंच, आणि समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर साधारण पावणेदोन इंच (नेमकं १.७३) असतं. कागदाचं पाकीट विकत घेताना किंवा नमुना उतरवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर दोन इंची समजून दुप्पट मोठं काहीतरी हाती येतं.

माप ठरवण्याआधी आकडे डोळ्यांखालून घाला. एकेरी पलंगासाठी ६० बाय ९० इंचांचं पांघरूण धरू. एक इंची षटकोन घेतले तर सुमारे २,०८० लागतात. दीड इंची घेतले तर सुमारे ९२५ आणि दोन इंची घेतले तर ५२०. प्रत्येक षटकोनामागे सरासरी तीन कडा शिवाव्या लागतात, म्हणजे एक इंची कामात जवळजवळ १५८ मीटर हातशिलाई, दीड इंचीत १०५ मीटर, दोन इंचीत ८० मीटरच्या आत. कापडही लहान षटकोनांना जास्त लागतं, कारण दुमडीची माया (कडेला सोडलेलं जादा कापड) प्रत्येक तुकड्याला सोडावी लागते. एक इंची कामाला वरच्या थरासाठी साधारण ९ मीटर कापड लागतं, दीड इंचीला ७ मीटर.

पहिलंच काम असेल तर माझा सल्ला दीड इंचाचा आहे. एक इंची षटकोन हातात गोड दिसतो, पण त्याने पलंग भरायचा म्हणजे वर्षाचं काम धरून चला. पाऊण इंच किंवा त्याहून लहान षटकोन उशीच्या खोळीसाठी, पाउचसाठी राखून ठेवावेत. पलंगाची घाई नसेल तर आधी १६ इंची उशीची खोळ करावी. तिला एक इंची षटकोन कडा धरून ११० ते १२० पुरतात आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्यात एकदा हातून जाते.

कागद

घरच्या प्रिंटरचा साधा कागद (७५–८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे तितके ग्रॅम) या कामाला लेचापेचा पडतो, दुमडताना त्याचे कोपरे वाकतात. फार जाड पुठ्ठा घेतला तर जोडताना हात दुखतो. १६० ते २०० जीएसएमचा कार्डशीट कागद बेताचा. आपल्याकडे घरात साठलेल्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, मात्र सोनेरी छपाईचा आणि चकाकीचा भाग वगळून कोरा भाग घ्या. तो छापील रंग इस्त्रीच्या वाफेने कापडाला लागू शकतो. याच कारणाने साच्यावर पेनाने काही लिहू नका.

षटकोन आखायला कंपास पुरतो. कंपास एक इंच (किंवा तुमची जी बाजू असेल तितका) उघडून वर्तुळ काढा. उघडा कंपास तसाच ठेवून वर्तुळाच्या कडेवर एका बिंदूपासून पुढे पुढे खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होऊन पहिल्या बिंदूवर परत येता. खुणा सरळ रेषांनी जोडल्या की षटकोन झाला. हा मूळ साचा जुन्या एक्स-रे फिल्मवर किंवा प्लॅस्टिकच्या फाइल कव्हरवर कापून ठेवा. कागदी साच्यावरून पुढचा साचा काढत गेलात तर दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढा फरक वाढत जातो.

संगणकावरून छापत असाल तर छपाई ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के ठेवा. ‘फिट टू पेज’ असेल तर षटकोन गुपचूप लहान होतो. पहिलं पान निघालं की स्टीलच्या पट्टीने बाजू मोजूनच पुढची पानं छापा. एका ए-फोर पानात एक इंची २८ षटकोन बसतात. कागद परत परत वापरता येत असल्याने २,०८० तुकड्यांच्या कामालाही सुमारे ३०० साचे पुरतात, म्हणजे ११ पानं.

आता कापणं. या पद्धतीत सगळ्यात जास्त धीर इथेच ओतावा. साचा अर्ध्या मिलिमीटरने मोठा राहिला तर एकट्या तुकड्यात ते दिसत नाही, पण तीस तुकड्यांच्या ओळीत तोच फरक दीड सेंटिमीटर होतो आणि शेजारची ओळ बसतच नाही. शक्य असेल तर स्टीलची पट्टी आणि कटर घ्या, एका वेळी दोनच कागद कापा आणि पातं रेघेच्या मधोमध चालवा. कात्रीने कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवा. मग चाचणी: कोणतेही तीन षटकोन एका कोपऱ्याभोवती टेबलावर ठेवा. मध्ये फट राहिली किंवा एक दुसऱ्यावर चढला तर त्यातला एक चुकलेला आहे, तो बाजूला काढा. शेवटी प्रत्येक साच्याच्या मध्यभागी पंचिंग मशीनने एक भोक पाडा. कागद काढताना त्या भोकात सुईचं टोक घालून तो अलगद उचलता येतो.

कापड, सुई, दोरा

मऊ पण घट्ट विणीचं शुद्ध सुती कापड घ्या. दुकानात कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन मागितलंत की योग्य वजनाचं मिळतं. मलमल इतकी पातळ असते की आत दुमडलेली माया वरून दिसते. टेरीकॉटसारखी मिश्र कापडं घडी धरत नाहीत, टाचताना सारखी उघडतात. खण दिसायला देखणा, पण त्याचे धागे सुटतात. वापरायचाच असेल तर पाव इंचाऐवजी तीन अष्टमांश इंच माया सोडा. शिंप्याकडच्या कातरणी या कामाला सोन्यासारख्या, फक्त त्यातली मिश्र कापडं निवडून बाजूला काढावीत. जुनी सुती साडी घेताना ती उजेडासमोर धरा. जिथे ती विरलेली दिसते, किंवा दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर धागे सरकतात, तो भाग वरच्या थरात घालू नका. भरणात, म्हणजे मधल्या थरात, त्याला जागा आहे.

प्रत्येक कापड आधी धुऊन घ्या. गडद लाल, मरून, इंडिगो, अजरख, बांधणी यांचा रंग पुष्कळदा जातो, आणि पांढऱ्या षटकोनाशेजारी तो एकदा उतरला की इलाज नाही. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मग ओलं कापड पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उठला तर ते कापड या क्विल्टमधून वगळा, कितीही आवडतं असलं तरी.

रंगसंगतीपेक्षा फिकं-गडद हा भेद जास्त महत्त्वाचा आहे. लाल आणि हिरवं डोळ्यांना वेगळं दिसतं, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून फूल आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळतात. कापडं शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात जी वेगळी दिसतील तीच क्विल्टमध्ये वेगळी दिसतील.

जोडण्यासाठी १० किंवा ११ नंबरची बारीक सुई हवी. जाड सुईने टाका मोठा पडतो आणि पुढून दिसतो. नेढं लहान असल्याने ओवताना त्रास होतो खरा, ओवणी जवळ ठेवा. दोरा बारीक आणि सुती असेल तर उत्तम, त्याला पीळ कमी पडतो. मेणाच्या वडीवरून एकदा फिरवला की गुंताही होत नाही. दोऱ्याचा रंग प्रत्येक कापडाशी जुळवत बसायची गरज नाही, मध्यम राखाडी रंग बहुतेक ठिकाणी लपतो. फिकं आणि गडद कापड जोडताना मात्र गडद कापडाच्या रंगाचा दोरा घ्या. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढाच. लांब दोरा घेऊन वेळ वाचत नाही, तो झिजतो आणि गाठी पडतात.

तुकडे कापणं आणि टाचणं

कापड षटकोनी आकारात कापावं लागत नाही, हा या कामातला मोठा दिलासा. एक इंची षटकोनाला अडीच इंची चौकोन पुरतो, दीड इंचीला साडेतीन इंची. ४४ इंची पन्ह्याच्या एक मीटर कापडातून अडीच इंची चौकोन सुमारे २४० निघतात, साडेतीन इंची १३०. आधी पट्ट्या पाडा, मग पट्ट्यांचे चौकोन. चौकोनाचे कोपरे टाचण्याआधी अंदाजाने छाटले तरी चालतात, पण कुठेही पाव इंचापेक्षा कमी माया राहता कामा नये. कागद आत असेपर्यंत उभा धागा, आडवा धागा याने काही बिघडत नाही. तो निघाला की मात्र तिरप्या धाग्यावरच्या कडा ताणल्या जातात. म्हणून षटकोनाच्या दोन समांतर बाजू शक्यतो सरळ धाग्याला धरून ठेवा.

छापील कापडातली एखादी बुट्टी नेमकी षटकोनाच्या मध्यभागी आणायची असेल तर कार्डशीटमध्ये षटकोनी खिडकी कापा, ती कापडावर सरकवत हवं ते चित्र खिडकीत आणा आणि भोवती माया सोडून कापा. अजरखसारख्या ठशाच्या कापडात तेच चित्र पुन्हा पुन्हा येतं. त्यातून सहा अगदी सारखे तुकडे काढून एका फुलाच्या पाकळ्या केल्या तर मध्यभागी नवीनच नक्षी उमटते. कापड वाया जातं, तरी निदान चार-दोन फुलांसाठी हे करून पाहावंच.

टाचण्याची रीत अशी. कापड उलटं ठेवा, मध्यभागी कागद ठेवा आणि टाचणीने किंवा छोट्या क्लिपने धरा. तुमच्या जवळची बाजू कागदाच्या कडेवर घट्ट दुमडा. मग शेजारची बाजू दुमडा. दोन दुमडी जिथे एकमेकींवर येतात त्या कोपऱ्यात, कागदातून न जाता, फक्त कापडाच्या थरांतून दोन छोटे उलटे टाके घाला. दोरा न तोडता पुढच्या कोपऱ्यावर जा. सहा कोपरे झाले की आणखी एक टाका घालून दोरा तोडा. कागदातून टाका गेलेला नसल्याने हे टाके नंतर काढावे लागत नाहीत, ते आतच राहतात आणि मायेला बांधून ठेवतात. त्यासाठी फिकट दोरा वापरा. बाजू दीड इंचाहून मोठी असेल तर कापड मध्ये सैल पडतं, तेव्हा कागदासकट लांब कच्चे टाके घालावेत आणि शेवटी उसवावेत.

दुमडायची दिशा सगळ्या षटकोनांत एकच ठेवा. मी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. असं केलं की तीन षटकोन जिथे भेटतात तिथे मागच्या घड्या एकमेकींना चुकवून बसतात, गठ्ठा होत नाही. दुमड घट्ट हवी, पण कागद वाकेल इतकी नको. टाचून झालेला षटकोन उजेडासमोर धरा. कोपरा गोल दिसला तर कागद आत वाकला आहे, उसवून पुन्हा टाचा.

काही जण दोऱ्याऐवजी ग्लू स्टिक वापरतात. वेग नक्की मिळतो. गोंद कडेपासून थोडा आत, पातळ रेघेएवढाच लावायचा. कडेवर लागला तर सुई अडखळते, आणि जास्त झाला तर कागद निघताना फाटतो. मोठ्या कामात साचे अनेकदा वापरायचे असतात, त्यामुळे मी दोऱ्यालाच पसंती देते.

जोडणं

दोन षटकोन सुलट बाजू आत ठेवून समोरासमोर धरा. जोडायच्या कडेचे दोन्ही कोपरे नीट जुळवा आणि क्लिप लावा. दोऱ्याची गाठ मागच्या मायेत लपवा आणि सुई कोपऱ्यातून बाहेर काढा. त्याच जागी दोन टाके घ्या. आता दोन्ही कडा एकत्र धरून वरून वेढे घालत पुढे जा. सुई कडेला काटकोनात, आणि प्रत्येक कापडाचे फक्त एक-दोन धागे उचलायचे. कागद सुईत येता कामा नये, सुईचं टोक त्याला घासून गेलं की हाताला ते कळतं. एका इंचात १४ ते १६ टाके पडावेत. दोरा ओढताना टाका बसेल इतकंच ओढा. फार आवळलात तर कड चुणते, सैल सोडलात तर जोड उघडल्यावर टाके शिडीसारखे दिसतात. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा दोन टाके, आणि जोड उघडून बोटाच्या नखाने दाबून सपाट करा.

एक कड दुसरीपेक्षा मिलिमीटरभर लांब निघाली तर ताणून जुळवायचा मोह आवरा. दोन्ही षटकोन पालथे घालून पाहा, बहुतेक वेळा एक सैल टाचलेला असतो. तो पुन्हा टाचायला मिनिटही लागत नाही, पण ताणलेला जोड कागद निघाल्यावर कायमचा फुगलेला राहतो.

फूल करताना मधला षटकोन हातात घ्या आणि त्याच्या एका बाजूला पहिली पाकळी जोडा. दुसरी पाकळी शेजारच्या बाजूला जोडा. आता पहिल्या आणि दुसऱ्या पाकळीमधली कड शिवायची आहे, ती सरळ रेषेत येत नाही. त्यासाठी मधला षटकोन कागदासकट अर्ध्यात दुमडा, पाकळ्यांच्या कडा समोरासमोर येतात. कागद वाकला तरी बिघडत नाही, पुन्हा सरळ होतो. दोरा तोडायचीही गरज नाही, मध्याजवळच्या कोपऱ्यावर एक जादा टाका घालून तसंच बाहेरच्या दिशेने शिवत जा. पुढच्या पाकळीकडे जायचं असेल तर मागच्या मायेतून दोरा सरकवत न्या. जिथे तीन षटकोन भेटतात तिथे पुढून बारीक भोक दिसत असेल तर तिन्ही कोपऱ्यांतून सुई घालून एक टाका आवळा.

टाचणं आणि जोडणं एकाच बैठकीत करू नका. एका डब्यात कापलेले चौकोन, साचे, सुई-दोरा आणि लहान कात्री एवढं ठेवलं की टाचायचं काम लोकलमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर बसूनही होतं. जोडायला मात्र चांगला उजेड आणि टेबल हवं.

फुलं आणि त्यांच्यामधली वाट

एका मध्याभोवती सहा षटकोन म्हणजे सातांचं फूल. आणखी एक कडं वाढवलं की १९, पुढचं वाढवलं की ३७. एक इंची षटकोनांचं सातांचं फूल पाच इंचांहून किंचित मोठं होतं, एकोणिसांचं साधारण साडेआठ इंचांचं.

नुसती फुलं फुलांना जोडली तर सगळं एकमेकांत मिसळून जातं, म्हणून त्यांच्यामध्ये पांढऱ्या, फिकट किंवा हिरव्या षटकोनांची एकेरी वाट सोडतात. जुन्या अमेरिकी क्विल्टमध्ये मध्ये पिवळा, भोवती छापील आणि वाटेला पांढरा अशी मांडणी पुष्कळ दिसते. वाट शेजारच्या फुलांमध्ये सामाईक असल्याने हिशेब करताना लोक इथे गोंधळतात. घट्ट मांडणीत प्रत्येक फुलामागे वाटेचे सहाच षटकोन लागतात. म्हणजे ७ अधिक ६, असा १३ षटकोनांचा एक गट. आपल्या ६० बाय ९० इंची पांघरुणाला एक इंची षटकोनांचे असे ढोबळ १६० गट लागतील: १६० मध्य, ९६० पाकळ्या, ९६० वाटेचे.

गट शिवायची युक्ती अशी. फुलाच्या बाहेरच्या कड्यात बारा जागा असतात. एक जागा एकाच पाकळीला टेकते, पुढची दोन पाकळ्यांना टेकते, असं आलटूनपालटून. एकाच पाकळीला टेकणाऱ्या जागेपासून सुरुवात करा आणि घड्याळाच्या दिशेने सलग सहा जागी वाटेचे षटकोन जोडा. अर्धं कडं भरेल. प्रत्येक फुलाला नेमकं त्याच बाजूने अर्धं कडं लावा. सगळे गट एकाच दिशेला तोंड करून मांडले की एकाची उघडी बाजू दुसऱ्याच्या वाटेत चपखल बसते, कुठे फट नाही आणि कुठे दुहेरी वाट नाही. ओळी किंचित तिरक्या सरकत जातात, त्याने घाबरू नका, या मांडणीचा तो स्वभावच आहे. चार-पाच गट कागदावर रंगवून आधी पाहून घ्या. सुरुवात दोन पाकळ्यांना टेकणाऱ्या जागेपासून केली तरी गट जुळतात, पण मग सगळ्या गटांत तशीच करावी.

गटांच्या आधी लहान ओळी करा, ओळींचे पट्टे करा आणि पट्टे शेवटी जोडा. एकच मोठा तुकडा वाढवत गेलात तर कागदांच्या वजनाने तो हातात मावेनासा होतो.

कागद काढणं

ज्या षटकोनाच्या सहाही बाजू शिवून झाल्या आहेत, त्याचाच कागद काढायचा. आधी उलट बाजूने वाफेशिवाय इस्त्री फिरवा, म्हणजे घड्या पक्क्या होतात. भोकात सुईचं टोक घालून कागद उचला, थोडा वाकवा, तो मायेखालून सरकतो. न फाटलेला, कोपरे शाबूत असलेला साचा पुन्हा डब्यात. कोपरे मऊ पडले की मात्र तो रद्द करा. कडेचे कागद अगदी शेवटपर्यंत आत राहू द्या, कारण ते नसतील तर बाहेरच्या कडा ताणतात आणि क्विल्टचा चौकोन बिघडतो.

नागमोडी कडेचं काय करायचं

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात, विचारायला हवा सुरुवातीला. सरळ कापून टाकणं हा सोपा मार्ग आहे. पण कापल्यावर हाताचे जोड उसवू लागतात, म्हणून कापायच्या रेघेच्या आत अष्टमांश इंचावर आधी बारीक धावदोऱ्याची एक ओळ सगळीकडे घालून घ्या. मला हा मार्ग पटत नाही, इतक्या निगुतीने केलेले षटकोन अर्धे कापताना जीव तुटतो.

त्याऐवजी साडेचार-पाच इंच रुंद साध्या रंगाच्या पट्ट्या घ्या. कडेच्या षटकोनांना इस्त्री करा, कागद काढा, दुमड तशीच राहते. ही नागमोडी कड पट्टीवर ठेवून कच्च्या टाक्यांनी बसवा आणि साडीच्या फॉलला घालतो तशा बारीक तुरपाईने शिवा. चारही बाजूंना पट्ट्या लागल्या की बाहेरची कड सरळ होते, षटकोन पूर्ण राहतात आणि चित्राला चौकटही मिळते. पांघरूण या पट्ट्यांमुळे मोठं होतं, तेवढे षटकोन सुरुवातीच्या हिशेबातून वजा करता येतात.

अस्तर, भरण आणि धावदोरा

इंग्लंडमधली जुनी कामं पुष्कळदा भरणाशिवाय, नुसत्या अस्तराची असत. मुंबई-कोकणच्या हवेला तेच मानवतं. थंडीसाठी हवं असेल तर मध्ये फ्लॅनेल किंवा पातळ सुती बॅटिंग (भरणासाठी मिळणारा कापसाचा तयार थर) घाला, नाहीतर आपल्या गोधडीत घालतात तशा जुन्या मऊ सुती साड्या. पिंजलेला मोकळा कापूस नको, धुतल्यावर तो सरकतो आणि गोळे होतात.

अस्तर चारही बाजूंनी तीन इंच मोठं ठेवा. ते जमिनीवर उलटं पसरून चिकटपट्टीने ताणून बसवा, वर भरण, वर षटकोनांचा थर. मध्यापासून कडेकडे जात चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला. वरचा धावदोरा षटकोनाच्या जोडावरून चालवू नका. तिथे कापडाचे कितीतरी थर एकावर एक असतात आणि सुई अडते. जोडापासून पाव इंच आत, प्रत्येक षटकोनात लहान षटकोन उमटेल असा धावदोरा घाला. मायेचा थर तिथे संपतो, सुई सहज जाते. इतकं काम नको असेल तर गोधडीसारख्या सलग सरळ ओळी कडेकडून मध्याकडे घालत न्याव्यात. षटकोनांवर त्या फार सुंदर दिसतात, आणि हात मराठी घरातलाच आहे हे लगेच ओळखू येतं. बोटाला अंगुस्तान हवंच.

शेवटी कडा छाटून अडीच इंच रुंद पट्टी दुहेरी दुमडून लावा, पुढून धावदोऱ्याने आणि मागून तुरपाईने. कड सरळ असल्याने सरळ धाग्याची पट्टी चालते. नागमोडी कड तशीच ठेवली असेल तरच उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेली, पट्टी लागते, आणि आतल्या कोपऱ्यांत ती बसवायला भरपूर वेळ द्यावा लागतो.

पहिली धुलाई थंड पाण्यात, सौम्य साबणाने, इतर कपड्यांपासून वेगळी करा. पिळू नका. ओली क्विल्ट एका दोरीवर लटकवली तर पाण्याच्या वजनाने हाताचे जोड ताणतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळवा.